सुकणाऱ्या थेंबातील कणांची मांडणी: काठ, प्रवाह आणि सवड

१. प्रश्नाचे स्वरूप

फरशीवर सांडलेला काळ्या कॉफीचा थेंब सुकला की त्याचा मध्यभाग फिकट पडतो आणि कडेला गडद तपकिरी कंगोरा उमटतो. थेंब ओला असताना रंग सगळीकडे सारखाच होता. पाणी उडून जाताना कण जागच्या जागी खाली बसले असते, तर डाग मध्येच गडद व्हायला हवा होता. कारण थेंब मध्ये जाड आणि कडेला पातळ असतो. घडते नेमके उलटे. म्हणजे सुकता सुकता थेंबातला माल मध्यावरून काठाकडे वाहून गेलेला असतो.

या साध्या दिसणाऱ्या डागाचे समाधानकारक स्पष्टीकरण १९९७ साली मिळाले. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन, सिडनी नागेल, थॉमस विटन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की कण काठाला ओढले जात नाहीत, थेंबातला द्रवच काठाकडे वाहतो आणि कणांना सोबत नेतो. या शोधाने संशोधनाची दिशा बदलली. प्रवाह कण नेत असेल, तर प्रवाहावर ताबा मिळवून कण हव्या त्या जागी, हव्या त्या रचनेत मांडता येतील का, हा नवा प्रश्न उभा राहिला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे: प्रवाह कणांना नेऊन पोहोचवतो, पण ते तिथे शिस्तीने बसतात की ढिगासारखे पडतात, हे कणांना मिळालेल्या सवडीवर अवलंबून असते. म्हणून कणांच्या मांडणीचे शास्त्र हे शेवटी वेळांच्या तुलनेचे शास्त्र आहे.

२. काठ जखडतो, तेव्हाच प्रवाह सुरू होतो

पृष्ठभागावर बसलेला थेंब दोन प्रकारे आटू शकतो. पिकनेट आणि बेक्सन यांनी १९७७ मध्ये या दोन्ही प्रकारांची मांडणी केली. पहिल्या प्रकारात थेंबाचा घेर कायम राहतो आणि उंची घटत जाते; थेंब चपटा होतो व त्याचा पृष्ठभागाशी असलेला स्पर्शकोन लहान होत जातो. दुसऱ्या प्रकारात स्पर्शकोन कायम राहतो आणि घेर आकसत जातो.

कडेला कंगोरा उमटायचा तर पहिला प्रकार आवश्यक असतो. काचेवरचा खडबडीतपणा, धूळ किंवा रासायनिक विषमता यांमुळे काठ एका जागी अडकतो. एकदा थोडे कण काठाशी पोहोचले, की तेच बांध घालतात आणि काठ आणखी घट्ट जखडतो. याउलट पृष्ठभाग पाणी झटकणारा आणि गुळगुळीत असेल, तर काठ मागे सरकत राहतो आणि कण मध्ये गोळा होऊन एखाद्या ठिपक्यासारखे उरतात. काठाला जखडून ठेवायचे की मोकळे सोडायचे, हा मांडणी करणाऱ्याच्या हातातला पहिला निर्णय.

३. काठाशी बाष्पीभवन का वाढते

थेंबाच्या पृष्ठभागालगतची हवा बाष्पाने संपृक्त असते. तिथून बाष्प विसरणाने दूर जाते. माथ्यावरून निघालेल्या रेणूला वर जायला वाट असते. काठावरून निघालेल्या रेणूला वर आणि बाजूला, दोन्हीकडे कोरडी हवा मिळते. त्यामुळे काठाशी बाष्पीभवन झपाट्याने होते. याचे गणित विद्युतभारित धातूच्या चकतीसारखेच आहे: चकतीवरचा भार जसा कडेला दाटतो, तसा इथे बाष्पाचा स्रोत कडेला दाटतो.

अगदी चपट्या थेंबासाठी या सूत्रातून मिळणारे आकडे बोलके आहेत. केंद्रापासून त्रिज्येच्या नऊ दशांश अंतरावर बाष्पीभवनाचा वेग केंद्राच्या सुमारे २.३ पट होतो आणि नव्व्याण्णव शतांश अंतरावर सुमारे ७ पट. थेंब जितका चपटा, तितका हा फरक तीव्र.

आता दोन गोष्टी एकत्र पाहू. काठाशी द्रव सर्वाधिक खर्च होतो, पण काठ जखडलेला असल्याने तो मागे हटू शकत नाही. ही तूट भरून काढायला मध्यावरचा द्रव बाहेर वाहणे भाग पडते. पृष्ठताण थेंबाला गोलाच्या टोपीचा आकार सोडू देत नाही, म्हणून ही भरपाई अखंड चालू राहते.

४. एका थेंबाचा हिशेब

हे सारे किती वेगाने घडते, ते पाहण्यासाठी एका मायक्रोलिटरचा पाण्याचा थेंब घेऊ. त्याची त्रिज्या एक मिलिमीटर, खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के धरू. या तापमानाला संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. या आकड्यांवरून हा थेंब सेकंदाला एक मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक पाणी गमावतो आणि साधारण १३ ते १५ मिनिटांत सुकतो. एवढ्या वेळात द्रवाला सुमारे एक मिलिमीटर अंतर कापायचे असल्याने प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मायक्रोमीटरच्या आसपास येतो. मुंगीच्या चालीपेक्षाही कितीतरी मंद असा हा वेग आहे.

इतका मंद प्रवाह कणांना खरोखर नेऊ शकतो का? त्याच्या विरोधात दोन गोष्टी उभ्या असतात: कणाची ब्राऊनीय गती आणि गुरुत्वाकर्षण. एक मायक्रोमीटर व्यासाचा कण पाण्यात दिशाहीन भटकतो. त्याचा विसरणांक सेकंदाला अर्ध्या चौरस मायक्रोमीटरहून थोडा कमी असतो. नुसत्या भटकण्याने एक मिलिमीटर अंतर काटायला त्याला कित्येक दिवस लागतील, तर प्रवाह तेच अंतर पाव तासात पार करवतो. प्रवाहाने नेणे आणि विसरणाने पसरणे यांचे गुणोत्तर इथे दोन हजारांच्या घरात जाते. प्रवाहाची सरशी निर्विवाद आहे.

गुरुत्वाकर्षणाची गोष्ट कणाच्या पदार्थावर अवलंबून असते. पॉलिस्टायरिनची घनता पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी जास्त. त्याचा एक मायक्रोमीटरचा कण अर्धा मिलिमीटर खाली बसायला सुमारे पाच तास घेतो. तोवर थेंब केव्हाच सुकलेला असतो. तेवढ्याच आकाराचा सिलिकाचा कण मात्र हेच अंतर पाव तासात उतरतो, म्हणजे थेंब सुकायला लागतो तेवढ्याच वेळात. म्हणून पॉलिस्टायरिनवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष सिलिकाला जसाच्या तसा लावता येत नाही.

थेंबाचा आकारही महत्त्वाचा. सुकण्याचा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पाच मायक्रोमीटर त्रिज्येचा थेंब सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. एवढ्यात कणांना काठ गाठून तिथे जमायला अवधीच उरत नाही. शंभर नॅनोमीटरचे कण असतील, तर सुमारे दहा मायक्रोमीटर व्यासाखालच्या थेंबात कंगोरा तयार होत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे.

५. काठावरची शिस्त आणि शेवटची घाई

काठाजवळ थेंब पाचरीच्या आकाराचा होतो. स्पर्शकोन दहा अंश असेल, तर एक मायक्रोमीटरचा कण काठाच्या साधारण सहा मायक्रोमीटर अलीकडे अडतो, कारण त्यापुढे द्रवाचा थर त्याच्या जाडीपेक्षा पातळ असतो. चाळीस नॅनोमीटरचा कण मात्र पाव मायक्रोमीटरपर्यंत आत शिरतो. एकाच थेंबातले लहान-मोठे कण अशा रीतीने आपोआप वेगळ्या कड्यांत लागतात.

द्रवाचा थर कणापेक्षा पातळ झाला, की कणाचा माथा पृष्ठभागाला वर उचलतो. शेजारच्या दोन कणांमधला पृष्ठभाग असा वाकला, की पृष्ठताण त्यांना एकमेकांकडे खेचतो. देन्कोव्ह, नागायामा आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये लेटेक्सच्या कणांवर हे बारकाईने पाहिले. आधी या केशिक ओढीने कणांचे एक छोटे केंद्रक बनते, मग बाष्पीभवनाने सुरू झालेला प्रवाह त्याला नवे कण पुरवत राहतो आणि षट्कोनी जाळीचा एकपदरी थर वाढत जातो. ओढ आणि पुरवठा ही दोन वेगळी कामे आहेत, हे या निरीक्षणाने स्पष्ट केले.

पण सुकलेल्या कंगोऱ्याचा सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतला, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. सर्वांत बाहेरच्या ओळी नीटनेटक्या असतात आणि जसजसे आत यावे, तसतशी रचना विस्कटत जाते. ट्वेन्टे विद्यापीठातील अल्वारो मरीन, हानेके गेल्डरब्लॉम, डेटलेफ लोहसे आणि याको स्नूइयेर यांनी २०११ मध्ये याचे कारण उलगडले. उंची घटत जाते, पण काठाची मागणी तेवढीच राहते. साहजिकच उरलेल्या पातळ थरातून द्रवाला अधिकाधिक वेगाने धावावे लागते. उरलेल्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात वेग वाढतो. आपल्या उदाहरणात ८०० सेकंदांपैकी ८० उरले असताना वेग दहापट झालेला असतो आणि ८ उरले असताना शंभरपट.

याची तुलना कणाच्या स्वतःच्या वेळेशी करायला हवी. एक मायक्रोमीटरच्या कणाला आपल्या व्यासाइतके हलून शेजाऱ्यांमधली रिकामी जागा शोधायला साधारण एक सेकंद लागतो. सुरुवातीला प्रवाहही त्याला तेवढ्याच वेळात तेवढेच पुढे ढकलतो, म्हणून त्याला जागा निवडायची सवड मिळते. शेवटच्या आठ सेकंदांत प्रवाह तेच अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात पार करतो. कण जिथे आदळतो तिथेच चिकटतो. मंदिराचे दार बंद व्हायची वेळ झाली, की दिवसभर सरळ चाललेली दर्शनाची रांग जशी मोडते, तसाच हा प्रकार.

६. प्रवाहाची दिशा बदलणे

काठाकडचा प्रवाह हा थेंबातला एकमेव प्रवाह नव्हे. पृष्ठताण सगळीकडे सारखा नसेल, तर पृष्ठभागावरचा द्रव कमी ताणाकडून अधिक ताणाकडे सरकतो. वाइनच्या पेल्याच्या कडेवर ओघळणाऱ्या ‘अश्रूं’चे हेच कारण जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये सांगितले होते, पुढे इटलीतील कार्लो मारांगोनी यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जाऊ लागला.

थेंबात असा फरक तापमानामुळे निर्माण होतो. बाष्पीभवन थेंबाला थंड करते, तर खालचा पृष्ठभाग त्याला उष्णता पुरवतो. हा खालचा पृष्ठभाग द्रवापेक्षा बराच उष्णतावाहक असेल, तर काठ उबदार राहतो आणि माथा थंड पडतो. थंड माथ्यावर पृष्ठताण जास्त असल्याने पृष्ठभागावरचा प्रवाह काठाकडून माथ्याकडे वळतो. रिस्टेनपार्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की खालच्या पृष्ठभागाच्या उष्णतावाहकतेचे द्रवाच्या उष्णतावाहकतेशी गुणोत्तर २ च्या वर असेल, तर अभिसरण एका दिशेने चालते, आणि सुमारे १.४५ च्या खाली गेले, तर उलट दिशेने. हुआ हू आणि रोनाल्ड लार्सन यांनी २००६ मध्ये ऑक्टेनच्या थेंबावर याचा प्रत्यय दिला: कण काठाला न जाता मध्ये जमले. पाण्यात मात्र हा परिणाम अपेक्षेपेक्षा फार क्षीण आढळतो, कारण पृष्ठभागावरची थोडीशी अशुद्धीही ताणातला फरक पुसून टाकते.

पवईच्या आयआयटीत रजनीश भारद्वाज आणि सहकाऱ्यांनी खालचा पृष्ठभाग मुद्दाम तापवून याच प्रश्नाचा अभ्यास केला. काच न तापवता थेंब सुकवला, तर नेहमीचा कंगोरा मिळतो. काच तापवली, की कंगोरा बारीक होतो आणि काही कण आतल्या भागात साठतात. तापमानाच्या फरकाने उठलेले अभिसरण त्यांना काठापासून परत आणते.

ताणाचा फरक द्रवाच्या मिश्रणातूनही साधता येतो. ॲरिझोनातील छायाचित्रकार अर्नी बटन यांना स्कॉच व्हिस्कीच्या सुकलेल्या पेल्याच्या तळाशी कंगोऱ्याऐवजी सारखी पसरलेली नक्षी दिसली. प्रिन्स्टनमधील हॉवर्ड स्टोन यांच्या गटाने बटन यांच्यासोबत त्याचा छडा लावला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. अल्कोहोल आधी उडून जाते आणि थेंबात खळबळ माजते. पृष्ठताण घटवणारी द्रव्ये काठाशी जमून उलटा प्रवाह टिकवतात. मोठे रेणू तळाला चिकटून कणांना धरून ठेवतात. या तिन्ही घटकांचे कृत्रिम मिश्रण करून त्यांनी तसाच एकसारखा थर मिळवला. प्रवाहाने ढवळणे पुरेसे नाही, ढवळलेल्या कणाला धरून ठेवणारेही कोणी तळाशी हवे, हा या प्रयोगाचा धडा.

७. कण स्वतः काय ठरवतात

आतापर्यंत कणाला आपण निमूट वाहणारा मानले. पीटर युंकर, अर्जुन योध आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे गृहीतक तपासले. पॉलिस्टायरिनचे गोल कण प्लास्टिकच्या पातळ पडद्यात बसवून, तापवून, ताणले, की ते लांबट होतात. असे लांबट कण थेंबाच्या पृष्ठभागावर पोहोचले, की पृष्ठभागाला असमान वाकवतात आणि एकमेकांना दुरूनच ओढून घेतात. त्यांचे सैल, पण चिवट जाळे तयार होते. काठाकडे जाणारा प्रवाह तसाच चालू असतो, तरीही जाळे हलत नाही आणि डाग एकसारखा उमटतो. गोल कणांत थोडे लांबट कण मिसळले, तरी हा परिणाम साधता येतो.

पण आकार एकटा निर्णायक नाही. द्रवाची आम्लता बदलली, की कणांवरचा विद्युतभार बदलतो. भारद्वाज, ॲटिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये टायटेनियाच्या नॅनोकणांवर हे दाखवले: कण आणि काच यांच्यात ओढ असेल, तेव्हा कण पडल्या जागी चिकटून सारखा थर बसतो; कणांचीच एकमेकांशी गट्टी जमली, तर मध्ये पुंजके होतात; आणि दोन्हीकडे दुरावा असेल, तेव्हा कंगोरा उमटतो. एकच थेंब, तेच कण, तोच प्रवाह. बदलली ती केवळ आम्लता.

८. थेंबाकडून सलग थराकडे

शेवटच्या घाईवर एक सरळ उपाय आहे: शेवट येऊच द्यायचा नाही. काठाला सतत ताजा द्रव पुरवत राहायचे आणि काठ स्थिर गतीने पुढे न्यायचा. दिमित्रोव्ह आणि नागायामा यांनी १९९६ मध्ये याची सांगड एका सुटसुटीत समीकरणात घातली. थर वाढण्याचा वेग बाष्पीभवनाच्या वेगाच्या आणि कणांच्या प्रमाणाच्या पटीत वाढतो आणि थराच्या जाडीच्या पटीत घटतो. कण असलेल्या द्रवात बुडवलेली पट्टी त्या वेगानेच बाहेर ओढली, तर एकपदरी थर सलग मिळतो. पट्टी जास्त वेगाने ओढली, तर थरात भोके पडतात. सावकाश ओढली, तर दुसरा पदर चढतो.

प्रेवो आणि वेलेव्ह यांनी २००४ मध्ये दोन काचांच्या मध्ये जेमतेम दहा मायक्रोलिटर द्रव धरून वरची काच यंत्राने सरकवली आणि काही मिनिटांत कित्येक चौरस सेंटिमीटर थर घातला. इथे प्रवाह तोच आहे, जो कॉफीचा डाग पाडतो. फरक एवढाच, की त्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राखला आहे.

नॅनोकणांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटतो. बिगिओनी, येगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काही नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण असलेला थेंब मुद्दाम वेगाने सुकवला आणि पृष्ठभागावर अत्यंत शिस्तबद्ध एकपदरी थर मिळवला. झपाट्याने खाली सरकणारा पृष्ठभाग कणांना दूर भटकण्याआधीच टिपतो, आणि तिथे ते बेटांसारखे जुळत जातात. ‘सावकाश सुकवा, म्हणजे शिस्त येईल’ या नियमाला हा अपवाद वाटेल; पण वेळांची तुलना केली, तर तो अपवाद राहत नाही. कणाला आपल्या व्यासाइतके हलायला लागणारा वेळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटतो. एक मायक्रोमीटरऐवजी दहा नॅनोमीटरचा कण घेतला, तर व्यास शंभरपट लहान होतो आणि हा वेळ दहा लाख पटींनी कमी होतो. आपल्याला जे वेगवान वाटते, ते त्या कणाच्या दृष्टीने निवांतच असते.

९. उपयोग

इंकजेट तंत्राने वाहक तारा किंवा पडद्यावरचे रंगीत बिंदू छापताना कंगोरा हा दोष ठरतो, कारण रेषेच्या दोन्ही कडा जाड आणि मध्य पातळ होतो. सोल्टमन आणि सुब्रमणियन यांनी २००८ मध्ये छापण्याचा पृष्ठभाग थंड करून हा दोष आटोक्यात आणला. वेगवेगळ्या तापमानांना उकळणाऱ्या द्रवांचे मिश्रण हा दुसरा मार्ग.

निदानशास्त्रात तोच कंगोरा साधन होतो. पाचरीत कण आकारानुसार अडतात, या तत्त्वावर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रथिने, सूक्ष्मजीव आणि पेशी एकमेकांपासून वेगळ्या काढल्या. व्हँडरबिल्ट विद्यापीठात हिवतापाच्या निदानाचा विचार डोळ्यांसमोर ठेवून वेगळी युक्ती योजली गेली: नमुन्यात रोगाचे सूचक द्रव्य असेल, तर कण एकमेकांना चिकटतात आणि नेहमीचा कंगोरा बिघडतो. साधने अपुरी असलेल्या आरोग्य केंद्रातही वाचता येईल अशी खूण मिळवणे, हा त्यामागचा हेतू आहे. आपल्यासारख्या देशासाठी हे संशोधन मोलाचे आहे, कारण त्याला लागणारे पंप आणि गाळण्या निसर्गानेच थेंबात बसवल्या आहेत.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून मांडणी करणाऱ्याला विचारावे लागणारे प्रश्न क्रमाने हाती येतात. काठ जखडलेला आहे की मोकळा? प्रवाह कणाला नेण्याइतका बळकट आहे का, की विसरण किंवा गुरुत्वाकर्षण त्याच्या आड येते? पृष्ठताणातला फरक त्या प्रवाहाला साथ देतो की विरोध करतो? पोहोचलेल्या कणाला धरून ठेवणारी ओढ कोणाची: काचेची, शेजारच्या कणाची की पृष्ठभागाची? आणि सर्वांत महत्त्वाचे, कण येण्याचा वेग त्याच्या स्वतःच्या हालचालीच्या वेळेत बसतो का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कण कुठे जमतील हे सांगतात; ते किती शिस्तीने बसतील हे पाचवा सांगतो. थेंबाचा बहुतेक काळ शांतपणे जातो आणि बिघाड शेवटच्या दहाव्या हिश्शात होतो. म्हणून ज्याला सलग, निर्दोष रचना हवी, त्याने आपली काळजी त्या शेवटच्या हिश्शावर खर्च करावी: तो पुढे ढकलावा, ताज्या द्रवाने भरून काढावा, किंवा त्यापूर्वीच कणांना तळाशी वा पृष्ठभागावर पक्के धरावे. वर पाहिलेल्या यशस्वी पद्धतींपैकी बहुतेक पद्धती या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट करतात.